डेल्बर्टच्या मापाची मूठ

रविवारी चर्चच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि उजव्या खिशात छोटं रिव्हॉल्व्हर आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही, हे डेल्बर्टचं निवृत्तीनंतरचं काम. कुणाला कळत नाही अशी त्याची समजूत होती. ओक्लाहोमातल्या त्या गावात ते पाळण्यातल्या पोरांनाही ठाऊक होतं. पण यंदा चर्चच्या पहाऱ्याचा नवा प्रमुख लॅमार आला आणि त्याने चाचणी ठेवली. शनिवारी, रिकामं रिव्हॉल्व्हर खिशातून झटकन काढून दाखवायचं. जमलं तर दार, नाही तर तळघरात कॉफी वाटायची.

डेल्बर्टने स्वयंपाकघरात सराव सुरू केला. रिव्हॉल्व्हरची मूठ रबराची. ती अस्तराला अशी चिकटली की खिसाच उलटा होऊन बाहेर आला, चाव्या आणि खोकल्याच्या गोळ्यांसकट.

"चोराचा खोकला तरी बरा होईल," त्याची बायको ओनीटा म्हणाली.

मग त्याने अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरली आणि घासून गुळगुळीत केली. आता रिव्हॉल्व्हर खिशातून सर्रकन आलं आणि तसंच हातातूनही सर्रकन जाऊन मक्याच्या ब्रेडच्या पिठात पडलं.

"करंगळीला जागाच नाही गं. करंगळी हवेत राहिली की पकड जाते."

"ब्रेडही गेला," ओनीटाने पीठ ओतून दिलं.

शेवटचा उपाय म्हणून त्याने लाकडावर पुट्टी थापली. ओली असताना घट्ट धरून ठेवायची, म्हणजे बोटांच्या खाचा उमटतात आणि मूठ जन्मभर आपल्याच मापाची होते. तो धरून बसतो न बसतो तोच फोन वाजला. लॅमारचा होता.

"हे धर जरा. घट्ट. आणि हलवू नकोस," त्याने ओली मूठ ओनीटाच्या हातात दिली.

"अरे, रस्सा ढवळतेय मी."

"डाव्या हाताने ढवळ की."

लॅमारने सहज विचारलं, रबर बरं की लाकूड? त्या गावात हा विषय निघाला की कुठलाच पुरुष फोन लवकर ठेवत नाही. डेल्बर्ट परतला तेव्हा रस्सा आटला होता आणि पुट्टीचा दगड झाला होता. त्याने ती घासली, तेल लावलं. दिसायला देखणी होती. हातात मात्र प्रत्येक बोट शेजारच्याच्या घरात शिरत होतं.

"नव्या बुटासारखं असतं हे. वापरून वापरून बसेल," तो म्हणाला.

शनिवारी चर्चमध्ये त्याने खिशात हात घातला, बोटांनी खाचा शोधल्या, सापडेनात. अखेर मेलेला उंदीर शेपटीला धरून काढावा तसं ते रिव्हॉल्व्हर बाहेर आलं.

लॅमारने टोपी काढली. "ब्रदर डेल्बर्ट, कॉफीसुद्धा सेवाच आहे."

डेल्बर्टने मूठ उलटसुलट करून पाहिली. त्याचा चेहरा पाहून ओनीटाने हातातला पाय बाकावर ठेवला, म्हणजे चर्चसाठी भाजून आणलेला सफरचंदाचा गोड पाय.

"आण इकडे. एवढं काय त्यात?"

तिने रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री केली, ते झग्याच्या खिशात टाकलं आणि काढलं. लॅमारला ते कधी बाहेर आलं तेच दिसलं नाही. त्याने पुन्हा काढायला लावलं. पुन्हा तेच.

"एवढी मापाची मूठ मी जन्मात पाहिली नाही, सिस्टर. कुणाकडून करून घेतलीत?"

"नवऱ्याकडून."

डेल्बर्टने घसा साफ केला. "पुट्टीचं काम आहे. धीर लागतो."

आता दारात ओनीटा उभी असते. डेल्बर्ट तळघरात कॉफी ओततो. दारात माणसं हात मिळवून पुढे सटकायची. इथे कप घेऊन थांबतात, मुठीचा विषय काढतात, माप घ्यायला आपापले पंजे पुढे करतात. लॅमार तर दोनदा कॉफी घेतो.

एकच अडचण होती. कॉफीच्या किटलीची मूठ. करंगळी हवेत राहायची. गेल्या रविवारी डेल्बर्टने इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून पुट्टीचा डबा काढला. झटकन, अस्तर जराही न ओढता.