यादीतला तिसरा नट

विभाचं नाट्यशास्त्रातलं एम.ए. एका अटीवर अडलं होतं. पेपर झाले, प्रबंध झाला, आता एकांकिका बसवून दाखवायची. तीन नटांची यादी विद्यापीठात शिक्का मारून पडली होती, खाली नियम: यादीबाहेरचा नट दिसला की उमेदवार नापास. एकसष्ट साली हा नियम करणाऱ्याने जयपुरातली मराठी माणसं पाहिली नसणार. ती इथे राहत नाहीत, बदलीची वाट बघतात.

साहेबाची भूमिका बँकेतल्या जयंतकडे, जावयाची राजनकडे. घरगडी व्हायला मात्र एकही साहेब तयार होईना. मग विभाचे वडील नागनाथराव यांच्या विमा कचेरीतला शिपाई हणमंत यादीत आला. काम एकच, पाणी आणायचं.

प्रयोगाला आठ दिवस असताना जयंतची बदली भोपाळला झाली. चार दिवसांनी राजनची नागपूरला.

"मतलब, मी नापास," विभा मटकन खाली बसली.

"का वं ताई? नवा मानूस नगं म्हनत्यात. एकानं तिघांचं करू नये असं कुटं लिवलंय?" हणमंत म्हणाला. "तीन म्हैनं तालमीला बसलोय. समदं पाठ हाय."

"शिपाई साहेब होणार?" नागनाथराव कडाडले. "लोक हसतील!"

"हसायलाच हवेत, बाबा. प्रहसन आहे."

प्रयोगाला बाहेरगावचे परीक्षक पहिल्या रांगेत नागनाथरावांशेजारी बसले. बगरूच्या लाल छापील चादरींचा पडदा सरकला. चष्मा लावला की हणमंत साहेब, टोपी घातली की जावई, खांद्यावर फडकं आलं की घरगडी. साहेब ओरडला, "पाणी!" लगेच चष्मा खिशात, फडकं खांद्यावर. तोच आत धावला, पेला आणून टेबलावर ठेवला, टेबलाला वळसा घालून चष्मा लावला, घोट घेतला आणि रिकाम्या जागेवर खेकसला, "गाढवा, विहीर खणत होतास काय?"

हे वाक्य एकांकिकेत नव्हतं. पुढची पंधराही नव्हती. ती नागनाथरावांची होती, हणमंतच्या अकरा वर्षांच्या नोकरीत जमलेली, त्यांच्याच आवाजात. मागे बसलेल्या विमा कचेरीने आधी नागनाथरावांकडे पाहिलं, मग ती खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसली. नागनाथराव पडद्याइतके लाल झाले.

शेवटी परीक्षकांनी फॉर्म काढला. "प्रत्येक भूमिकेपुढे नटाची सही."

विभा कुजबुजली, "हणमंतमामा, जयंत-राजनच्या सह्या तुम्हीच ठोका ना."

"न्हाई ताई. काम माजं आन् नाव त्येंचं? हितं तरी नगं."

त्याने तिन्ही ओळींवर एकच सही केली: हणमंत बाबू ढोबळे.

परीक्षकांनी नियम दोनदा वाचला. यादीबाहेरचं नाव एकही नव्हतं. "पहिला वर्ग," ते म्हणाले आणि घाम पुसत हणमंतकडे वळले. "कुठे शिकलात हो?"

"टेबलाशेजारी उभं ऱ्हाऊन."

नागनाथराव सवयीने म्हणाले, "हणमंत, साहेबांना पाणी आण."

हणमंत रंगमंचावरच्या खुर्चीत बसला होता. चष्मा अजून डोळ्यांवरच होता.

"घरगड्याचं काम संपलं, साहेब."

मग नागनाथराव उठले, स्वतः माठाकडे गेले, दोन पेले भरून आले. एक परीक्षकांना दिला, दुसरा हणमंतापुढे ठेवला.

हणमंतने सावकाश घोट घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. "पर जरा उशीर झाला."