वामनकाकांचं अर्थिंग

उन्हाळ्यात सगळी आर्वी तुळशीला पाणी घालते, आमचे शेजारी वामनकाका अर्थिंगला घालतात. रोज सकाळी एक बादली, अंगणातल्या त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात. जमीन सुकली की करंट खाली उतरत नाही म्हणे. मी एकदा म्हटलं, काका, हळदकुंकूही वाहा. तर माणूस खरंच विचारात पडला.

आमच्याकडे आले की माणसांआधी स्विचबोर्डाची विचारपूस. वास घेतील, गरम तर नाही ना म्हणून हात लावून पाहतील. एकाच प्लगात मिक्सर आणि इस्त्री दिसली, की सासूचं ऐकलं नसेल इतकं मला ऐकावं लागतं. मागच्या महिन्यात मी चालू कूलरमध्ये पाणी भरत होते, तर काकांनी सरळ आमचा मेन स्विचच पाडला. तोही ऐन मालिकेच्या वेळी! "पहिले पिन काढजो, मंग पाणी," हे त्यांचं वाक्य आता गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण दोन उन्हाळ्यांमागे त्यांच्याच घरी मंदाकाकूंना कूलरचा झटका बसला. तुटकी वायर काकांनीच चिकटपट्टी गुंडाळून जोडली होती. एवढ्याशासाठी इलेक्ट्रिशियन कशाले, म्हणत. काकू थोडक्यात वाचल्या. मुलगा आला आणि घर नीट होईपर्यंत म्हणून आईला पुण्याला घेऊन गेला. काकांनी सगळं वायरिंग बदललं, करंट गळला की आपोआप बंद पडणारा ब्रेकर बसवला, तो खड्डा खणला. काकू काही आल्या नाहीत.

परवा कैऱ्या द्यायला गेले. कूलर चालू होता, काकांच्या एका हातात मोबाइल, त्यात काकूंचा चेहरा, आणि दुसरा तळवा कूलरच्या पत्र्यावर टेकलेला.

"पाह्य मंदा, हात लावूनच उभा हाओ. काईच होत नाई. आता तरी ये."

काकू मग हळूच म्हणाल्या, "माह्या हाताले अजून भेव वाटते जी. पाहू, दिवाळीले."

दिवाळीत कूलर माळ्यावर असतात. काका हो म्हणाले, फोन बंद झाला. मी म्हटलं, काका, हात काढा आता.

"राहू दे," ते म्हणाले. "तिनं पुन्हा फोन लावला तं?"