पिलसुनबाईंचा हयातीचा दाखला

"आधी केस करून येते, मग साहेबाकडे जाते," पिलसुनबाई म्हणाल्या आणि हार्टमुटरावांचा चहाचा कप हवेतच थांबला.

"आज शेवटचा दिवस आहे! दाखला आज पाचच्या टपालाने गेला नाही, तर तुझी पेन्शन बंद."

"म्हणूनच तर! मी जिवंत आहे असं सांगायचंय ना? मग जिवंत दिसायला नको?"

कागद पिशवीत टाकून बाई बस पकडायला गेल्यासुद्धा.

पिलसुनबाईंनी उभी हयात जर्मनीतल्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. तिथेच हा गणिताचा उंच, लालबुंद जर्मन मास्तर त्यांना नवरा म्हणून मिळाला. निवृत्त झाल्यावर दोघं बाईंच्या मायदेशी, कोरियात आले आणि नामहे बेटावर, टेकडीवरच्या वस्तीत घर बांधून राहिले. वस्तीतली बाकीची घरंही अशीच जर्मन पेन्शनवर चालणारी. पेन्शन वेळेवर यायची, तिच्या मागून तिच्यावरच्या कराचा कागदही वेळेवर यायचा. कर खातं माणूस जिवंत आहे असं धरूनच चालायचं. पेन्शन खात्याला मात्र दरवर्षी पुरावा हवा. सरकारी साहेबाने माणूस समोर बघून सही-शिक्का केलेला हयातीचा दाखला.

वस्तीतल्या सगळ्यांच्या मागे लागून ते दाखले पाठवण्याचं काम हार्टमुटरावांकडे. सगळ्यांचे गेले, घरचाच राहिला. वैतागाच्या भरात त्यांनी एका कागदावर मोठ्या कोरियन अक्षरांत बायकोचं नाव लिहिलं, खाली आजची तारीख टाकली आणि तो समाजमंदिराच्या दारावर नेऊन चिकटवला. येता-जाता कोणीतरी तिला आठवण करील, एवढाच हेतू. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला हात, तो गेला लाल पेनाकडेच.

आता इथे लाल शाईने नाव लिहितात ते मेलेल्या माणसाचं. हे पोराटोरांनाही ठाऊक. हार्टमुटरावांनाही बायकोने दोनदा बजावलं होतं, पण रागावलेल्या मास्तराला शाईचा रंग कुठला आठवायला!

कागद पहिल्यांदा पाहिला खालच्या गावातल्या कू आजींनी. काखेतल्या लसणाच्या जुड्या तिथेच टाकून त्या सरपंच थाक यांच्या घरी धावल्या. सरपंचांनी लगेच गावचा भोंगा सुरू केला.

"आं... आं... ऐका हो! वरच्या वस्तीतल्या पिलसुनताई आज आपल्याला सोडून गेल्या. लसूण काढणं थांबवा. महिला मंडळानं पातेली घेऊन वर जावं."

भोंग्यावरची गावची बोली हार्टमुटरावांना आजवर कधी कळली नव्हती. लसणाचा भाव सांगताहेत असं समजून ते फुलझाडांना पाणी घालत राहिले.

अर्ध्या तासात अंगण भरलं. बायकांनी चूल पेटवून मटणाचा तिखट रस्सा चढवला. सरपंचांनी काळा टाय सारखा करत हार्टमुटरावांचे हात हातात घेतले.

"जावईबापू, कसं झालं हो हे?"

"काय सांगू! महिनाभर म्हणत होतो, जा, जा. ऐकलंच नाही तिनं."

"डॉक्टरकडे?"

"डॉक्टर कशाला? साहेबाकडे!"

सरपंचांनी बाकीच्यांकडे पाहून हळूच मान हलवली. दुःखात माणूस असा बरळतोच.

"पण अजून आशा आहे," हार्टमुटराव म्हणाले. "पाच वाजेपर्यंत."

हे ऐकून कू आजींनी हंबरडाच फोडला. एकीने पाणी दिलं, दुसरीने पाठीवरून हात फिरवला. एका पेन्शनसाठी अख्खं गाव इतकं हळहळतंय हे बघून हार्टमुटरावांनाही भरून आलं, आणि तेही रडू लागले.

तिकडे पिलसुनबाई नव्या कुरळ्या केसांनिशी सरकारी कार्यालयात पोचल्या. खिडकीतल्या मुलीने कागद वाचला.

"यांग पिलसुन... तुम्ही त्यांच्या कोण?"

"मीच ती."

"काहीतरीच काय, आजी! त्या तर सकाळीच गेल्या. साहेब त्यांच्याच घरी गेलेत, दुखवट्याला."

"मग सही?"

"साहेबांचीच लागते."

बाईंनी टॅक्सी केली. फाटकाशी आल्या तर आतून कू आजींचा आवाज: "आमचे हे आजारी होते, तेव्हा रोज टेकडी उतरून इंजेक्शन द्यायला यायची गं! पैसा घेतला नाही." दुसरी म्हणाली, "माझ्या सुनेचं बाळंतपण काढलं तिनं." स्वतःविषयी इतकं चांगलं पिलसुनबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्या फाटकाआड उभ्या राहून रडल्या. मग पाच वाजायला आले हे ध्यानात आलं आणि डोळे पुसत आत शिरल्या.

"साहेब, रडणं मागून. आधी सही करा!"

एकीच्या हातातला डाव खाली पडला. साहेब चाचरत म्हणाले, "बाई, तुम्ही... नक्की?"

"मेलेली बाई केस कुरळे करून येते होय?"

"पण दारावर लाल अक्षरांत नाव..." सरपंच म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना हार्टमुटरावांकडे वळल्या. हार्टमुटराव आणखी लालबुंद झाले.

साहेबांनी तिथेच सही ठोकली, पण शिक्का राहिला होता कार्यालयात. सरपंचांनी लसणाचा टेंपो काढला. पुढे साहेब, मागे पिलसुनबाई आणि काळ्या कपड्यांतलं गाव. शिक्का बसला. टपाल कार्यालयातला माणूस खिडकी लावून काळा टाय बांधत होता, पिलसुनबाईंच्याच घरी यायला. त्याने टाय सोडला, खिडकी उघडली आणि दाखला जर्मनीला रवाना झाला.

रांधलेलं वाया कसं घालवायचं? संध्याकाळी सगळ्यांनी अंगणात बसून पिलसुनबाईंचं दुखवट्याचं जेवण चाटूनपुसून खाल्लं. "आता पुन्हा मेलीस तर मी रडणार नाही, सांगून ठेवते," कू आजी बजावून गेल्या.

पाहुणे पांगल्यावर हार्टमुटराव अंगणातल्या चटया गुंडाळू लागले.

"तू गावाची नर्स. तुझ्यासाठी सगळे धावून आले," ते म्हणाले. "मी तर बाहेरचा. मी गेल्यावर कोण येईल गं?"

पिलसुनबाईंनी भांडी आवरता आवरता त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्यासाठी? मी तर त्यांच्या लेखी मेले होते. आज सगळी आली ती तुला सांभाळायला."

हार्टमुटरावांनी पातेल्यात उरलेला रस्सा वाडग्यात ओतून घेतला, आणि तिखट लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले.