कानसेनांच्या संगणकाची मिठाची गुळणी

"त्यात काय एवढं? तासाभराचं काम. माझं मी करीन," असं कानसेनांनी साहेबांना फोनवर ठणकावून सांगितलं. मिशीला पीळ भरायचाच बाकी राहिला, तोही मिशी नव्हती म्हणून.

कानसेन हे नाव कचेरीने ठेवलेलं. डॉक्टर मंडळी रोग्यांविषयी तोंडातल्या तोंडात जे काही पुटपुटून रेकॉर्ड करतात, ते ऐकून स्वच्छ टाइप करून द्यायचं, हे त्यांचं काम. ते घरी बसून करत. जन्मापासून दृष्टी नाही. संगणकावर जे उमटेल ते एक यांत्रिक आवाज त्यांच्या कानात वाचून दाखवी. त्या आवाजाशी त्यांचं सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त बोलणं होई, आणि बहीण हे रोज ऐकवी.

आता कचेरीचा हुकूम आला होता की सोमवारपासून जुनी सिस्टीम बंद, सगळ्यांनी आपापले संगणक नवे करून घ्यावेत. साहेब म्हणाले होते, मशीन इकडे पाठवा, आमची माणसं करतील. मागच्या वेळी त्याच माणसांनी तो बोलका आवाज 'नसती कटकट' म्हणून पुसून टाकला होता. म्हणून कानसेनांनी नकार दिला. त्यावर साहेब फार मायेने म्हणाले, "नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. टेलिफोन बोर्डाची खुर्ची रिकामीच आहे."

ती माया कानसेनांना झोंबली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्याच खुर्चीत 'थांबा, जोडून देतो' म्हणण्यात घालवली होती. दिसत नाही ना, मग बसवा फोनवर! टायपिंग शिकून मोठ्या मिनतवारीने ते तिथून सुटले होते. परत तिथे बसायची कल्पनासुद्धा त्यांना सहन होत नव्हती.

शनिवारी सकाळी त्यांनी काम सुरू केलं. मधे काही वेळ आवाज बंद पडतो, हे त्यांना माहीत होतं. नंतर दोन-तीन बटणं एकदम दाबली की तो परत येतो. त्यांनी चहा घेतला, बटणं दाबली. संगणकाने मिठाची गुळणी धरली होती. दुसरा चहा झाला, तरी तेच. डब्यावर हात ठेवला तर तो गरम होता आणि घरघरत होता, म्हणजे जिवंत होता, पण बोलत नव्हता. दिसत नाही याचं त्यांना कधी विशेष काही वाटलं नव्हतं. पण तो आवाज गेला की आपण खरोखर आंधळे आहोत असं त्यांना वाटे.

मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"मला दिसत नाही."

"मग ब्राइटनेस वाढवून बघा."

कानसेनांनी खुलासा केला. मुलीने सांत्वनाला आल्यासारखा आवाज खाली आणला आणि विचारलं, घरात दिसणारं कुणी आहे का.

होती की. थोरली बहीण, ताई, स्वयंपाकघरातच होती. हात पुसत आली, चष्मा लावला, टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कुठे बघू?"

टेबलावर स्क्रीन नव्हतीच! आपल्याला तिचा काय उपयोग, नुसती धूळ खाते, म्हणून कानसेनांनी ती कधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. एवढं ऐकल्यावर मदत केंद्राचा फोन कट झाला.

शेवटी ताईने आपल्या मालिकेवर पाणी सोडलं. तिचा टीव्ही टेबलावर आला, त्याला केबल जोडली गेली. भावाला उगाच गोंगाट नको म्हणून तिने आधी रिमोटने टीव्हीचा आवाज बंद केला, मग वाचायला बसली. संगणक सकाळपासून अटी आणि शर्तींपाशी 'मान्य'ची वाट बघत अडून बसला होता. त्या तिने पहिल्या शब्दापासून वाचल्या. कानसेन म्हणाले, नुसतं 'मान्य' म्हणायचं असतं.

"न वाचता मान्य म्हणू नये," ताई म्हणाली. "लग्नात मी तेच केलं."

दुपार टळली. सगळं बसवून झालं. कानसेनांनी बटणं दाबली. शुकशुकाट. परत दाबली. ताई म्हणत होती, 'वाचक सुरू' असं लिहिलंय. मग म्हणाली, आता बंद लिहिलंय. आता परत सुरू. कानाला काहीच लागत नव्हतं. नव्या सिस्टीममध्ये आपला आवाज मेला, अशी कानसेनांची खात्री पटली. ते खुर्चीत मागे टेकले.

"संपलं, ताई. सोमवारपासून बोर्डावर."

ताईला रडू आलं. ते भावाला कळू नये, आणि ह्याच्या कानांपुढे तर काही लपत नाही, म्हणून तिने घाईघाईने टीव्हीचा आवाज मोठा केला.

टीव्ही केवढ्यांदा तरी ओरडला, "वाचक सुरू! आपले स्वागत आहे!"

संगणक मघापासून बोलतच होता. केबल जोडल्यापासून त्याचा आवाज टीव्हीकडे जात होता, आणि टीव्हीचं तोंड ताईने बंद करून ठेवलं होतं. दोघं बराच वेळ हसत राहिली. त्यातलं थोडं हसणं नव्हतं.

सोमवारी कानसेन मुद्दाम स्वतः कचेरीत गेले. तिथे हाहाकार होता. निम्म्या लोकांची मशीनं अडकली होती, त्यात साहेबांच्या माणसांनी केलेली सगळी आली. साहेबांनी कानसेनांचे दोन्ही हात धरले. न बघता ज्याने हे जमवलं, त्याच्याइतकं नीट कोण समजावून सांगणार? तेव्हा सगळ्यांना आता तुम्हीच फोनवरून सांगा, टायपिंग तूर्त दुसऱ्याकडे देतो.

"तूर्त म्हणजे किती दिवस?" कानसेनांनी विचारलं.

"ते बघू," साहेब म्हणाले, आणि त्यांना टेलिफोन बोर्डाच्या खुर्चीत बसवून गेले. गादी तीच होती, मधे खचलेली.

घंटी वाजली. हिशेब खात्यातले कुणी होते, रडकुंडीला आलेले. "अहो, स्क्रीन काळी झालीय! मला काहीच दिसत नाहीये!"

कानसेनांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"घाबरू नका," ते म्हणाले, "सवय होते."