एकतीस चुकलेले ठोके

शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस होत होते आणि तेवढ्यात अनुस्वारकाकांच्या काळजाचा ठोका एकतीस वेळा चुकला होता. पंचाईत अशी, की त्यातला एकही यंत्राला दिसला नव्हता.

छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? आता त्यांच्या छातीवर तीन चिकट पट्ट्या होत्या, गळ्यात एक डबी होती आणि डबीला एक बटण होतं. ती अडकवणारी तरुण डॉक्टर संशोधन करत होती. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर कुणाचे ठोके बिघडतील, हे रक्तातल्या काही खुणांवरून आधीच ओळखता येतं का, हा तिच्या प्रबंधाचा विषय.

"काका, तुमच्या रक्तात त्या खुणा जरा जास्तच आहेत," ती म्हणाली होती. "घाबरू नका, औषध आहे. फक्त ठोका चुकला असं वाटलं की बटण दाबायचं आणि या कागदावर वेळ लिहायची."

"अहो, मी वेलांटी चुकलेली सोडत नाही. ठोका कसा सोडीन?" असं म्हणून काकांनी तिच्या माहितीपत्रकातलं 'अनियमीत' खोडून 'अनियमित' केलं आणि कागद परत दिला.

याच खोडीपायी त्यांचा थोरला भाऊ दुरावला होता. सहा वर्षांपूर्वी दादाने चार पानी पत्र पाठवलं. काकांनी ते लाल शाईने तपासलं, तेवीस चुका दाखवल्या, खाली 'दुरुस्त करून पुन्हा पाठवावे' असं लिहिलं आणि उलट टपाली रवाना केलं. त्यांच्या मते ही माया होती. दादाने फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "तुझ्या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाही." दादा शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून काकांच्या जिवाला चैन नव्हतं. दादाचा आवाज, त्याचं ते उगाच खाकरणं, सगळ्याची त्यांना भारी आठवण यायची.

शस्त्रक्रिया ठरली तेव्हा त्यांना म्हणूनच थोडा आनंदही झाला. रुग्णालय म्हणजे काही त्यांचं घर नव्हे. दादा शब्द न मोडता इथे येऊ शकत होता. बायकोने जाऊबाईंना फोन करून खोलीचा नंबरसुद्धा कळवला होता.

तेव्हापासून काका दाराकडे डोळे लावून पडले होते. समोरची लिफ्ट थांबली की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. आतून फळांची गाडी, कुणाची तरी मावशी नाहीतर रिकामी खुर्ची बाहेर यायची. काका इमानेइतबारे बटण दाबायचे आणि वेळ लिहायचे.

दहाव्या वेळी तरुण डॉक्टरने पट्ट्या बदलल्या. सतराव्या वेळी डबी बदलली. पंचविसाव्या वेळी एक तंत्रज्ञ आला आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगून, काकांकडे संशयाने बघत निघून गेला. रक्त पुन्हा तपासलं. खुणा होत्या तशाच जास्त. एकतीस झाल्यावर आज सकाळी खुद्द मोठे डॉक्टर आले.

"रक्त म्हणतं बिघडणार, पेशंट म्हणतो बिघडलंय आणि आलेख म्हणतो काहीच नाही," ते तिच्यावर घसरले. "प्रबंधात काय लिहिणार आहेस? तिघांचं पटत नाही?"

रडवेली होऊन ती काकांचा कागद वाचू लागली. 'त्या वेळी काय करत होता' या रकान्यात सुरेख अक्षरात एकतीस वेळा एकच उत्तर होतं: 'लिफ्ट थांबली. दादा नव्हता.'

"काका," ती हळूच म्हणाली, "हे ठोका चुकणं वेगळं आणि ते वेगळं."

"शब्द एकच आहे, बाई. पत्रकात खुलासा हवा होता."

मोठ्या डॉक्टरांना हसू आवरेना. "बरे आहात तुम्ही. उद्या सकाळी घरी!"

घरी गेलं की संपलंच. "डॉक्टर, इतक्यात घरी नको हो," ते अक्षरशः हात जोडून म्हणाले. "दोन दिवस तरी राहू द्या. कोपऱ्यात पडून राहीन, कुणाचं काही तपासणार नाही."

"लोक सोडा म्हणून मागे लागतात आणि तुम्ही..." डॉक्टर मान हलवत निघून गेले.

दुपारी चारला लिफ्ट थांबली आणि दादा बाहेर आला. वाळला होता. हातात काठी आली होती. खाकरत तो थेट खाटेशी येऊन बसला.

"पत्र लिहिणार होतो," दादा म्हणाला, "पण म्हटलं, आजारी माणसाला कशाला काम लावा."

काका हसले आणि हसता हसता रडले. दोघांनी एकमेकांचे हात धरले ते सोडलेच नाहीत. पाव तास झाला असेल नसेल, तेवढ्यात तरुण डॉक्टर धापा टाकत आली.

"काका! बारा मिनिटं झाली, ठोके नुसते सैरावैरा पळतायत! खरेखुरे! एकदासुद्धा बटण दाबलं नाहीत?"

"धडधडत होतं खरं," काका ओशाळून म्हणाले. "पण त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही."

औषध सुरू झालं. तासाभरात ठोके ताळ्यावर आले. तिच्या खुणा खऱ्या ठरल्या होत्या, त्यामुळे तिला आनंद लपवणं जड जात होतं. मोठ्या डॉक्टरांनी घरी सोडणं चार दिवस पुढे ढकललं.

"दादा, तोवर आपल्या घरी चला," संध्याकाळी डबा घेऊन आलेली बायको म्हणाली. "इथे रात्री कुणाला राहू देत नाहीत."

दादा बराच वेळ काठीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "चला. तिथे तपासायला कोणी नाहीच आता."

दोघं लिफ्टने खाली गेली. सहा वर्षं काका ज्यासाठी झुरत होते, ते आज त्यांच्यावाचून घडणार होतं. दादा त्यांच्या खुर्चीत बसणार, खाकरणार, आणि ते इथे तारांत अडकून पडणार. काकांनी फेरीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांचा कोटच धरला.

"डॉक्टर, मला घरी सोडा. आजच्या आज."

"अहो, सकाळी तर घरी नको म्हणून हात जोडत होता!"

"सकाळी घरी दादा नव्हता," काका म्हणाले.