झोपलेल्या मुलीला दोन साक्षीदार

मुलांचा श्वास झोपेत अडकतो की काय, हे दातांच्या डॉक्टरांनी पाहावे, असा निर्णय झाला. निर्णय शहाणपणाचा होता. आ वासलेले मूल त्यांच्यापुढे आयतेच असते. दात बघता बघता टाळू आणि घसाही बघून होतो. एवढ्या सरळ कामात अडचण येण्याची शक्यता नव्हती, म्हणून या मोहिमेसाठी एक फॉर्म तयार करण्यात आला.

आठ वर्षांची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. नंबर सोळा. ती झोपेत घोरायची, मधेच श्वास थांबायचा, मग दचकून उठायची आणि दिवसभर वर्गात पेंगायची. शाळेने तिला आळशी ठरवून शेवटच्या बाकावर बसवले होते. घशाच्या डॉक्टरांकडे जायला इथली चिठ्ठी लागे. आईला तेवढीच हवी होती.

डॉक्टरांनी दिवा तोंडाजवळ आणला. "झोपेत दात खाऊन खाऊन सपाट झालेत. टाळू बघा किती वर. आणि घशातल्या गाठी? बाप रे! अहो, हे तर उघड आहे."

"मग द्या ना चिठ्ठी."

"देतो की. फॉर्म तेवढा होऊ दे."

फॉर्म मदतनीस बाईंकडे होता. त्यांनी पेनाचे टोपण काढून विचारले, "झोपेत श्वास अडकतो?"

"हो, रोज," आई म्हणाली.

"तुम्ही नका सांगू ताई. पेशंटनं सांगायचंय. काय गं बाळ, अडकतो का?"

"मला काय माहीत?" मुलगी म्हणाली. "मी झोपलेली असते."

बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिले: रुग्णाची तक्रार नाही.

"अहो, पण मी उशाशी बसून बघते!"

"तेच तर. तुम्हाला काळजी आहे. काळजी असलेल्या माणसाचं म्हणणं फॉर्मला चालत नाही. दोन त्रयस्थ साक्षीदार आणा, ज्यांना पोरीचं काही पडलेलं नाही असे."

आईला हायसे वाटले. अशी माणसे बाहेर बाकांवर दाटीवाटीने बसली होती.

बाहेर येऊन टेकताच मुलीचा डोळा लागला. तोंड उघडे पडले, घोरणे सुरू झाले आणि एकाएकी थांबले. छाती हलेना. बाकांवरच्या माना वर झाल्या. "अगंबाई, श्वास थांबला की!" कुणीतरी म्हणाले. आईने खांदा हलवला, तेव्हा कुठे मोठा आचका देऊन श्वास परत आला.

"बघितलंत ना सगळ्यांनी? फक्त दोन सह्या हव्यात हो."

सतरा नंबरचे काका चटकन उठले. "करतो की! कुठे करायची?"

"आत या," मदतनीस बाई दारातून म्हणाल्या. "मात्र दुसऱ्याच्या नंबरावर आत आलात, की तुमचा नंबर शेवटी जातो."

काका बसले. बसताना त्यांनी पोरीसाठी थोडी जागा केली, हे नमूद करायला हवे.

एक आजी मात्र डोळे पुसत पुढे आल्या. "माझा जाऊ दे नंबर. दात काय, उद्याही दुखेल. लेकराकडे बघवत नाही गं."

बाईंनी हळूच फॉर्म मागे घेतला. "आजी, तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाटणारच ना!"

"मग तुम्ही त्रयस्थ राहिला नाहीत. बाद."

साक्षीदारांची जागा कोरी राहिली. नियमाप्रमाणे सोळा नंबर 'श्वसनदोष आढळला नाही' म्हणून निकाली निघाला आणि मोहिमेच्या यशात एका निरोगी मुलीची भर पडली. चिठ्ठी मिळाली नाही.

आई अजून दोन सह्यांसाठी दारात उभी आहे. इथवर वाचून तुम्हाला वाईट वाटले असेल, तर तुमची सही चालणार नाही. वाटले नसेल, तर अवश्य आत या. फक्त तुमचा नंबर तेवढा शेवटी जाईल.