क्रमांक सातची पट्टी

स्क्रू जरासा सैल होता. दुसऱ्या कुणाच्या तो लक्षातही आला नसता. पण चष्मेवाल्याची उभी हयात चष्म्याच्या दांड्यांतले स्क्रू पिळण्यात गेली होती. सैल स्क्रू दिसला की त्याची बोटं शिवशिवायची.

बायको सकाळीच रुग्णालयात ड्यूटीवर गेली होती. टेबलावर तिच्या क्लॅरिनेटची पेटी होती. झाकणावर तिच्याच अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘हात लावू नये.’ चष्मेवाल्याने हात लावला. फुंकायच्या तोंडाला वेताची पातळ रीड लावलेली असते आणि ती हलू नये म्हणून तिच्याभोवती धातूची पट्टी आवळतात. त्या पट्टीचा हा स्क्रू. त्याने बारीक पकडीने एक पीळ दिला. मग बायकोचं काम म्हणून, प्रेमाने, आणखी अर्धा.

कट्! स्क्रू धरणारा पट्टीचा कान तुटून त्याच्या तळहातावर आला.

संध्याकाळी पाचला बायकोची चाचणी होती. शहराच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटची एक खुर्ची रिकामी झाली होती. अशा खुर्चीसाठी ती अकरा वर्षं पाळ्या सांभाळून रियाज करत आली होती. चष्मेवाल्याने दुकानाला कुलूप लावलं, फुंकायचं तोंड रुमालात गुंडाळलं, पेटी काखोटीला मारली आणि वाद्यांचं दुकान गाठलं.

“पट्टी हवीय. क्लॅरिनेटची.”

म्हाताऱ्या दुकानदाराने सावकाश मान वर केली. “आवाज कसा हवाय?”

“म्हणजे?”

“उजळ? गडद? मोकळा? गोलसर?”

चष्मेवाल्याला आवाजाचे दोनच प्रकार ठाऊक होते, येतो तो आणि येत नाही तो. “होता तसाच द्या ना,” तो म्हणाला.

“होता तसा म्हणजे कसा?”

हा प्रश्न मात्र त्याला लागला. अकरा वर्षं भिंतीपलीकडून तो आवाज ऐकला होता, आणि आज तो कसा होता ते सांगता येईना.

दुकानदाराने तीन पट्ट्या मांडल्या. एक चांदीच्या मुलाम्याची, एक सोनेरी, एक काळ्या चामड्याची. एकेक चढवून तो तेच चार सूर वाजवू लागला. “बघा हं. पहिला बरा, की दुसरा?”

हाच प्रश्न चष्मेवाला रोज भिंगं बदलून गिऱ्हाइकांना विचारायचा, आणि ‘दोन्ही सारखंच’ म्हणणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग यायचा.

“दोन्ही सारखंच,” तो म्हणाला.

“नीट ऐका! आता तिसरा!”

फोन वाजला. बायको होती. “अहो, मला निघायला उशीर होतोय. पेटी घेऊन थेट सभागृहातच या. आणि ती उघडू नका.”

“छे छे,” उघड्या पेटीकडे बघत तो म्हणाला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. “ही द्या,” त्याने एका पट्टीवर बोट ठेवलं.

सभागृहाच्या बोळात बायको धापा टाकत आली तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. तिने पेटी उघडली आणि तिचा हात तसाच थांबला.

“हे काय?”

“नवीन आहे.”

“माझी कुठाय?”

“क्रमांक सात!” आतून पुकारा झाला.

इंजेक्शन देण्याआधी शीर शोधताना बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं, आणि वाद्य जोडत आत गेली.

चष्मेवाल्याने दाराला कान लावला. आत शांतता. मग एक चिरका, फाटका सूर. त्याने डोळे मिटून घेतले. पुन्हा शांतता. आता ती वाद्य पेटीत ठेवतेय, असं त्याला वाटलं. पण सूर पुन्हा आला, यावेळी सरळ, आणि येतच राहिला. तो किती वेळ वाजत होता कोण जाणे.

दार उघडलं. “क्रमांक सातचे यजमान कोण? आत या.”

टेबलामागे तीन परीक्षक होते. मधला, पांढऱ्या दाढीचा, पट्टी निरखत होता. “ही निवड तुमची, असं बाई म्हणतात.”

“हो.”

“हीच का घेतलीत?”

उजळ, गडद, गोलसर असे सगळे शब्द आता चष्मेवाल्याला पाठ होते. पण समोर बायको उभी होती.

“साहेब, जुनी माझ्या हातून मोडली. दुकानात तीन होत्या, तिन्हींचा आवाज मला एकच वाटला. बाकीच्या दोन्हींना दोन-दोन स्क्रू होते, हिला एकच. म्हटलं, माझ्या हातून मोडायला एक तरी कमी.”

दाढीवाला बराच वेळ खोकला. तो खोकत नसून हसत होता. “तीस वर्षांत मी चाळीस पट्ट्या बदलल्या. इतकं धड कारण मला एकदाही सांगता आलं नाही.” मग तो तिच्याकडे वळला. “बाई, सोमवारी तालमीला या. पट्टीमुळे नव्हे हं. सूर फाटल्यावर पुन्हा उचललात, म्हणून.”

दोघं बाहेर पडली. बसथांब्यापर्यंत ती झपाझप चालली. तो चार पावलं मागे. पुढे काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पना होती.

“रीडा संपत आल्यात,” शेवटी ती म्हणाली. “शनिवारी घ्यायला जायचंय. तुम्ही या बरोबर.”

“मी? अगं, मला त्यातलं काही कळत नाही.”

“म्हणूनच,” ती म्हणाली, आणि क्लॅरिनेटची पेटी त्याच्या हातात देऊन बसमध्ये चढली.